ताबा नव्हे रे

मेलबर्न,
रविवार रात्र

प्रिय बंड्या,

"पोरीचा ताबा कुणाला मिळणार?" असं तू विचारलंस. अरे, ताबा म्हटलं की मला सातबाराच आठवतो! इथल्या कायद्यातून तो शब्द कधीच गेला. मूल राहील कुणाकडे, दुसऱ्याबरोबर किती वेळ असेल, शाळा-दवाखान्याचे मोठे निर्णय कोण घेईल, एवढं ठरवतात. त्याला पेरेंटिंग ऑर्डर म्हणतात. गेल्या मंगळवारी मी अर्ज भरला.

थेट कोर्टात जाता येत नाही. आधी मध्यस्थापुढे बसायचं, नाही जमलं तर कलम ६०-आयचं प्रमाणपत्र मिळतं, ते अर्जाला जोडायचं. (मारहाण किंवा तातडी असेल तर सूट असते.) आमचे वार जुळले, सुट्ट्यांवर घोडं अडलं. इथल्या मंडळात सगळे सांगत होते, "निम्मं-निम्मं कायद्यानेच मिळतं." साफ चूक. निर्णयांची जबाबदारी दोघांची समान, असं गृहीत धरणारं कलम होतं, तेही ६ मे २०२४ पासून गेलं.

झोप उडवली ती ॲफिडेव्हिटने. माझा खर्डा बावीस पानांचा, अंतरिम आदेशासाठी मर्यादा दहाची. वकीलबाई लाल पेन घेऊन बसल्या. सासऱ्यांचे टोमणे गेले, कर्जाची भांडणं गेली, पुण्याच्या फ्लॅटचं रामायण गेलं. प्रत्येक परिच्छेदाला एकच प्रश्न: "यात मुलगी कुठे आहे?" मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. उरलं काय, तर बुधवारी मी तिला पोहायला नेतो, दम्याचा पंप दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असतो, आणि दर शनिवारी ती आजीला फोनवर मराठी वाचून दाखवते, 'ळ'ला अडखळते. आजीवर मात्र बाईंनी काट मारली नाही. मुलाच्या सांस्कृतिक गरजा आणि आईबापांखेरीज जवळच्या माणसांशी असलेलं नातं, दोन्ही कोर्ट बघतं.

दिवाळीला आम्ही येत नाही. प्रकरण चालू असताना दुसऱ्या पालकाच्या लेखी संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलाला देशाबाहेर नेणं इथे गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. त्यात एका पालकाने परदेशी नेलेलं मूल परत पाठवण्याचा जो १९८० चा हेग करार आहे, त्यात भारत नाही, म्हणून आपल्याकडे न्यायचं म्हटलं की जास्तच खोदून विचारतात. तिच्या आईची भीती मला समजते. तिच्या जागी मीही सही करताना दहादा विचार केला असता.

माझ्या आईला, म्हणजे पोरीच्या आजीला, हे अजून सांगितलेलं नाही. तू घरी जाशील का? आदेशाच्या मसुद्यात तिच्या फोनसाठी 'दर शनिवारी सकाळी ११, मेलबर्नची वेळ' असं घातलंय. सध्या ती तिकडच्या साडेसहाला उठून बसते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर पुढे जातील, मग तिला साडेपाचलाच बसावं लागेल. तेवढा फोनवर गजर लावून दे, आणि चष्मा शेजारी ठेवायला सांग.

तुझा,
अव्या