बापू, तुझंच खरं होतं

रावेर, 18 मे

प्रिय बापू,

दिवाळीपासून तुला एक ओळ नाही. रागावला असशील, तो तुझा हक्कच. अण्णांचा गुडघा तसाच, बाकी बरं.

पण काल जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? केळीचा ट्रक भरत होतो. पारा 45 च्या वर. उत्तर प्रदेशातल्या बलियाकडचा, भोजपुरी बोलणारा एक पोरगा घड उतरवून निंबाखाली गेला नि मला हाक मारली, "भइया, एने आ जाईं, ओने बहुत घाम बा." त्याच्या कपाळाकडे पाहिलं, कोरडं ठाक. आपल्या कोरड्या हवेत घाम टिकतोय कुठे, सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग तेवढे उरतात. तेव्हा उमगलं, तो उन्हाला घाम म्हणत होता!

भो, मला नववीचा वर्ग आठवला. भुसावळच्या रेल्वेतल्या मामांकडून ऐकून तू निबंधात लिहिलंस, 'घाम म्हणजे मूळचं ऊन.' गुरुजींनी लाल रेघ मारली आणि वर्गात सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. तू आठ दिवस बोलला नाहीस. माझ्या सायकलची हवाही तूच सोडलीस, आता तरी कबूल कर!

रात्री कोश काढून बसलो. संस्कृत घर्म, प्राकृत घम्म, मग आपला घाम. घर्म म्हणजे उष्णता, उन्हाळासुद्धा. फारसीतला गरम त्याचाच चुलतभाऊ. अंगातून येतो तो स्वेद. त्यालाच पुढे घर्मोदक म्हटलं, उन्हाचं पाणी. मराठीनं त्या पाण्यालाच घाम म्हटलं, भोजपुरीत आणि नेपाळीत घाम उन्हातच राहिला. आणि ऋग्वेदातलं बेडकांचं सूक्त बघ, सातव्या मंडलातलं 103 वं. आठव्या ऋचेत 'अध्वर्यवो घर्मिणः सिष्विदानाः'. प्रवर्ग्य नावाच्या यज्ञविधीत दूध तापवायचं भांडं तो घर्म, आणि त्या आचेपाशी घामाघूम झालेले अध्वर्यू, म्हणजे यज्ञातले पुरोहित. ऊब आणि घाम, दोघे खांद्याला खांदा लावून! वाचताना अंगावर काटा आला, आणि तुझा तो पडलेला चेहरा समोरून हलेना. गुरुजी आता नाहीत. रेघ कुणी पुसायची?

वहिनींची बदली झाली का? पोरीच्या निकालाचं कळव.

नववीची ती वही तुझ्या आईनं जपली असेल, तर पाऊस लागायच्या आत घेऊन ये. त्या लाल रेघेखाली मला 'बरोबर' असं लिहायचं आहे.

तुझा,
सुभाष