स्वाहिली आणि फिलिपिनो: इंग्रजीतून नको, मराठीतून शिका

महोदय,

हौसेने परकीय भाषा शिकणारे पूर्व आफ्रिकेतली स्वाहिली आणि फिलिपाइन्समधली फिलिपिनो या दोन भाषांबद्दल बहुधा 'सोपी कोणती?' एवढेच विचारतात. दोन्ही रोमन लिपीत लिहितात. दोन्हींच्या व्याकरणात पुल्लिंग-स्त्रीलिंग नाही. 'तो' आणि 'ती' मिळून स्वाहिलीत 'येये', फिलिपिनोत 'सिया'. म्हणून पहिला महिना सुखात जातो. पुढे गाडी अडते ती भाषेमुळे कमी आणि इंग्रजी पुस्तकांमुळे जास्त. मराठी माणसाच्या हातात आधीच असलेल्या किल्ल्या ती पुस्तके त्याला दाखवत नाहीत.

दोघींचे कूळ वेगळे आहे. स्वाहिली आफ्रिकेतल्या बांटू कुळातली, तर तागालोग या फिलिपाइन्समधल्या भाषेवर उभी असलेली फिलिपिनो ऑस्ट्रोनेशियन कुळातली. एक खोड मात्र सारखी: आपण शब्दाच्या शेवटी प्रत्यय लावतो, या दोघी शब्दाचे तोंडच बदलतात. 'व्हिताबू' (पुस्तके) शब्दकोशात पाहायचा तर 'किताबू'खाली, 'निनाकुपेंदा' (माझे तुझ्यावर प्रेम आहे) पाहायचा तर 'पेंदा'खाली. फिलिपिनोतला 'किनाइन' (खाल्ला) मुळात 'काइन' (खा). नवशिके पहिल्या अक्षरावरून शब्द शोधतात आणि कोश अपुरा आहे असे समजतात. आधी मूळ सोलून काढायला शिकावे, मग कोश उघडावा.

स्वाहिलीतले नामांचे वर्ग, म्हणजे आपापल्या उपसर्गाने ओळखू येणारे नामांचे गट, पाहून इंग्रजीतून येणारा घाबरतो. आपण घाबरायचे कारण नाही. 'एक मोठा दगड पडला, एक मोठी फांदी पडली' असे विशेषणापासून क्रियापदापर्यंत सगळे नामाच्या मागे फिरवण्याची सवय आपल्याला लहानपणापासून आहे. 'किताबू किमोजा किकुब्वा किमेआंगुका' म्हणजे एक मोठे पुस्तक पडले. दोन पडली तर 'व्हिताबू व्हिविली व्हिकुब्वा व्हिमेआंगुका'. 'किताबू' खरे तर अरबी 'किताब', पण त्यातला 'कि' स्वाहिलीने आपल्या वर्गाचा मानला आणि अनेकवचन करून टाकले. नामे पाठ करताना जोडीनेच करावीत: म्तू-वातू (माणूस-माणसे), म्ती-मिती (झाड-झाडे), जिचो-माचो (डोळा-डोळे). एकटे नाम पाठ केले की पुढचे वाक्य हमखास चुकते. प्राण्यांसाठी एक अपवाद आहे. 'किबोको' (पाणघोडा) दिसायला 'कि' वर्गातला, पण सजीव असल्याने विशेषण आणि क्रियापद माणसांच्या वर्गाचे घेतो.

स्वाहिलीत नकाराकडे जास्त लक्ष द्यावे लागते. 'निनासोमा' (वाचतो आहे) याचा नकार 'सिसोमी', 'निलिसोमा'चा (वाचले) 'सिकुसोमा', 'निमेसोमा'चा (वाचून झाले) 'सिजासोमा', म्हणजे अजून वाचलेले नाही. नुसते 'नाही' जोडून भागत नाही, काळाची खूणच बदलते. आपणही 'जाईन'चा नकार 'जाणार नाही' असा करतोच.

फिलिपिनोत खरी कसोटी क्रियापदाची, आणि तिथे मराठी सर्वात जास्त उपयोगी पडते. 'किनाइन नाङ बाता आङ मांगा' या वाक्याची शब्दाला शब्द अशी मराठी होते: खाल्ला, मुलाने, आंबा. 'नाङ' आपल्या 'ने'चे काम करतो आणि 'आङ' ज्याच्याकडे क्रियापदाचे तोंड आहे त्याला लागतो. भूतकाळात क्रियापद कर्त्याला सोडून आंब्यामागे जाते, हे आपण रोज बोलतो. जुळणी तंतोतंत नाही, कारण फिलिपिनोत हे सर्व काळांत चालते: 'किनाकाइन' खाल्ला जात आहे, 'काकाइनिन' खाल्ला जाईल. रोख खाणाऱ्याकडे असेल तर 'कुमाइन, कुमाकाइन, काकाइन'. इंग्रजीच्या सवयीने शिकणारे सगळीकडे 'कुमाइन' वापरतात. ठरावीक, समोरचाच आंबा खाल्ला असेल तर 'किनाइन' हवे. क्रियापद तर पुढे लागलेल्या किंवा मध्ये घुसलेल्या अक्षरांसकटच पाठ करावे: 'बुमिली' म्हणजे विकत घेतले, 'नागबिली' म्हणजे विकले. बाजारात ही चूक महागात पडेल.

उच्चारात स्वाहिली शिकणाऱ्याची बाजू घेते. जोर जवळजवळ नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर. फिलिपिनोत 'बासा'च्या पहिल्या अक्षरावर जोर दिला तर वाचन. शेवटच्यावर देऊन घसा क्षणभर बंद केला तर ओले. रोजच्या लिखाणात याची कोणतीही खूण नसते, म्हणून फिलिपिनो कानानेच शिकावी. दोन्हींत शब्दाच्या सुरुवातीला 'ङ' येतो: फिलिपिनो 'ङायोन' (आता), स्वाहिली 'ङोम्बे' (गाय). मुळाक्षरांत ङ असूनही आपण तो सुरुवातीला कधी उच्चारत नाही. 'वाङ्मय' म्हणताना 'ङ्'वर थांबावे आणि मग 'वा' गाळून पाहावे.

ओळखीचे शब्दही भेटतात. स्वाहिलीत गारी (गाडी), बिमा (विमा), पेसा (पैसा), लाकी (लाख). फिलिपिनोत गुरो (शिक्षक), मुखा (चेहरा), आसा (आशा). लुझोन बेटावर सापडलेल्या लागुनाच्या ताम्रपटावर तर शके 822, वैशाख असा काळ कोरला आहे. अर्थ मात्र तपासून घ्यावेत: फिलिपिनो 'दुखा' म्हणजे गरीब, आणि 'हिंदी' म्हणजे नाही.

पूर्व आफ्रिकेत जाणाऱ्याने वेळ आधी शिकावी. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजते. 'सा मोजा' (एक वाजता) म्हणजे सकाळचे सात, 'सा न्ने' (चार वाजता) म्हणजे सकाळचे दहा. सहाचा फरक धरायचा आणि बस ठरवताना 'असुबुही' (सकाळी) की 'उसिकू' (रात्री) हे विचारून घ्यायचे.

आदर दाखवण्याच्या रीतीही वेगळ्या. फिलिपिनोत एकट्या वडीलधाऱ्यालाही अनेकवचनी 'कायो', अगदी आपल्या 'तुम्ही'सारखे, आणि वाक्यात 'पो' हा आदराचा शब्द. स्वाहिलीत सर्वनाम बदलत नाही. भेटल्यावर लहान 'शिकामो' म्हणून नमस्कार करतो, मोठा 'माराहाबा' असे उत्तर देतो.

परकीय भाषांचे वर्ग चालवणाऱ्या संस्थांना विनंती आहे की या दोन भाषांची प्राथमिक पुस्तके थेट मराठीत करावीत. इंग्रजी पुस्तकाला फिलिपिनोतल्या 'तायो' आणि 'कामी' यांतला फरक समजावायला अर्धे पान लागते, कारण इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. मराठी मुलाला 'आपण' आणि 'आम्ही' एवढे सांगितले की पुरे.

— एक भाषाशिक्षक, पुणे