धुऱ्यावर बसून समजावणाऱ्या ताईंचे आभार

सातव्या महिन्यात उपकेंद्रावर तपासणीला गेले, तेव्हा नर्सताईंनी विचारलं, "बाळंतपणानंतर पाळणा लांबवायचं काही ठरवलं का?" मला फक्त ऑपरेशन माहीत होतं. त्यांनी तांबी, म्हणजे गर्भ राहू नये म्हणून पिशवीत बसवायची कॉपर-टी, हातात देऊन दाखवली. प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत बसवता येते, अंगावरचं दूध कमी होत नाही, नको वाटली तर काढता येते. पाळणा लांबवायचं अंतरा इंजेक्शन, छाया गोळीही सांगितली. निवड माझ्यावर सोडली, हे फार मोठं.

मी तांबी ठरवली, पण ती काळजात चढते, अशी सासूबाईंची भीती. ऐन कापूस वेचणीत आशाताई आमच्या वावरात आल्या, धुऱ्यावर बसून त्यांचं सगळं ऐकलं, मग समजावलं.

कळा सुरू असताना "नक्की ना बाई?" असं पुन्हा विचारणाऱ्या सिस्टर, तुमचं नाव विचारायचं राहिलं. तिघींचेही मनापासून आभार. लेकरू आता दीड वर्षाचं आहे.