प्रार्थनेला मुदत घालू नका

मा. संपादक,

गेल्या महिन्यात खानापूरच्या बाजारात एक हँडबिल हातात आले. '२१ दिवस उपास-प्रार्थना करा, अडलेले काम मार्गी लागेल.' खाली सभेची जागा, वेळ, फोन नंबर. मी ते घडी घालून पिशवीत ठेवले. त्याच पिशवीत कोर्टाचे कागद होते.

माझे मालक २०११ साली वारले. त्यांच्या वाटणीच्या सव्वा एकर भातशेतीवर चुलत दिरांनी हक्क सांगितला आणि पुढच्या वर्षी दावा लागला. तेव्हापासून तारखा चालू आहेत. कधी साहेब रजेवर, कधी त्यांची बदली, कधी समोरचे वकील आजारी. कागद कानडीत, मला वाचता येते मराठी. २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना झिरो तिकीट झाले म्हणून बरे, त्याआधी विधवा पेन्शनमधले किती पैसे बसला गेले ते विचारू नका. (आमच्या भागाला १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून वाट बघायचेच शिक्षण मिळाले आहे. सुप्रीम कोर्टातला महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावासुद्धा २००४ चा. त्यापुढे माझा दावा तान्हाच.) शेत रस्त्याकडेलाच आहे. मे महिन्यात दीर तिथे धूळवाफ पेरणी करतात, ते मला बसच्या खिडकीतून दिसते.

गंमत पुढेच आहे. दीर आमच्याच चर्चच्या मंडळीतले. रविवारी माझ्या पुढे दोन बाक सोडून बसतात. तेही त्याच सव्वा एकरासाठी प्रार्थना करतात, हे जाऊबाईंनीच बायकांच्या सभेत सांगितले. मग एकविसाव्या दिवशी देवाने करावे तरी काय?

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला विधवेचा आणि अन्यायी न्यायाधीशाचा दाखला इतक्या वर्षांत मला कुणी कुणी ऐकवला नाही! म्हणतात, तिच्यासारखा तगादा लाव, देव कंटाळून देईल. अहो, पण येशूने देवाला त्या न्यायाधीशाच्या जागी कुठे बसवले? ज्याला देवाचे भय नाही, माणसाची भीड नाही, असा माणूससुद्धा शेवटी हलतो, मग देव आपल्या लोकांचे ऐकणार नाही का, असे त्याचे विचारणे आहे. 'ही मला त्रास देईल' असे न्यायाधीश म्हणतो, तिथल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ डोळ्याखाली ठोसा मारणे, असे आमच्या पाळकसाहेबांनी एकदा सांगितले होते. कोर्टाच्या पायऱ्या चढताना ते आठवले की मला हसू फुटते.

२१ चा आकडा बहुतेक बायबलातल्याच दानीएलाच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायातून उचलला असावा. तिथे दूत सांगतो की तुझे शब्द पहिल्याच दिवशी ऐकले गेले, वाटेत मला एकवीस दिवस अडवले. यात हमी कुठली? प्रेषित पौलाने तीनदा देवाला विनवणी केली, तरी त्याच्या शरीरातला काटा निघाला नाही. त्याचे हँडबिल कोणी छापत नाही.

मला चीड येते ती बाविसाव्या दिवसाची. "विश्वास कमी पडला का हो?" असे कोणीतरी हळूच विचारते. माझ्या ओळखीच्या एकीने मूल होईना म्हणून तीन वेळा असे उपास केले. आता ती चर्चला येत नाही. तिला कुणी बायबलातले तेरावे स्तोत्र वाचून दाखवले असते तर? सुरुवातीच्या दोनच वचनांत चार वेळा 'कोठवर' असे विचारले आहे. मी तर भांडी घासतानाही विचारते, आणि आवाज चढवून विचारते. सभा भरवणाऱ्यांना एवढीच विनंती, उपास खुशाल ठेवा, तेवढा आकडा काढा.

दोन वर्षांपासून मी प्रार्थनेत निकाल मागायच्या आधी दिरांचे नाव घेते. पहिल्यांदा दात-ओठ खाऊनच घेतले. दावा आहे तिथेच आहे. मागच्या वेळी पुढची तारीख लिहून घ्यायला माझ्याकडे पेन नव्हते, तर दिरांनी खिशातले काढून दिले, बोलले काही नाहीत. ते परत करायचे राहून गेले. पिशवीत आहे, हँडबिलाशेजारी.

एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव
(कृपया नाव छापू नये.)