टक्का कळला, थर कळव

प्रिय मकरंद,

सप्रेम नमस्कार. ल्युकोप्लेकियाच्या (तोंडातल्या न पुसल्या जाणाऱ्या पांढऱ्या चट्ट्याच्या) ब्लॉकवर, म्हणजे मेणात बसवलेल्या बायोप्सीच्या तुकड्यावर, केआय-६७ ४० टक्के पेशींत रंगलं तर घाबरायचं का, असं विचारलंस. टक्का कळवलास, पण रंगलेली केंद्रकं कुठल्या थरात आहेत ते लिहिलं नाहीस, आणि सगळी मेख तिथेच आहे.

केआय-६७ हे प्रथिन विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशीत असतं, विसावलेल्या पेशीत नसतं. निरोगी गालाच्या अस्तरात पेशी तळाशीच वाढतात, म्हणून रंगलेल्या केंद्रकांचे तपकिरी ठिपके तळाजवळच्या दोन-तीन ओळींत असायला हवेत. ते मधल्या आणि वरच्या हिश्श्यात चढले की काळजी करायची. पण त्याआधी सेक्शन (तुकड्याचा पातळ काप) तिरपं कापलं गेलंय का बघ. तिरप्या कापात तळाचा थर रुंद होतो, रीट पेग्ज (अस्तराची खाली उतरलेली बोटं) बेटांसारखे तुटक दिसतात आणि चांगल्या अस्तराचाही टक्का फुगतो. एम्बेड करताना, म्हणजे मेणात बसवताना, तुकडा कडेवर उभा ठेवलास तर हे होत नाही. अस्तराखालच्या लिम्फोसाइट्सही (पांढऱ्या रक्तपेशी) रंगतात, त्या मोजू नकोस. पीएएस या बुरशी दाखवणाऱ्या स्टेनमध्ये कँडिडा बुरशीचे धागे दिसले तर नुसत्या दाहानेही आकडा वाढतो. बुरशीचा उपचार करून पुन्हा तपासायला सांग.

पी५३ या पेशींची बेसुमार वाढ रोखणाऱ्या प्रथिनात फसगत उलटी होते. साधं पी५३ तयार होऊन थोड्या वेळातच मोडतं, त्यामुळे तळाशी पुसट, विखुरलेला रंग दिसतो. जनुक बिघडलं की बहुतेकदा प्रथिन मोडत नाही, केंद्रकात साठतं, आणि तळाची ओळ सलग गडद होऊन रंग वर चढतो. काही बिघाडांत मात्र प्रथिन तयारच होत नाही आणि अस्तर पूर्ण कोरं राहतं. अशा स्लाइडवर ‘निगेटिव्ह’ लिहून मोकळं होणं ही मला सगळ्यात घातक चूक वाटते. खालच्या फायब्रोब्लास्टमध्ये (तंतू बनवणाऱ्या पेशींत), लिम्फोसाइट्समध्ये किंवा शेजारच्या निरोगी अस्तरात पुसट रंग आहे का, ते बघ. असेल तर कोरेपणा खरा. नसेल तर स्टेनच फसलाय.

स्टेन फसतो तो बहुधा बायोप्सीच्या बाटलीतच. तुकडा सलाइनमध्ये नको, १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये हवा, तुकड्याच्या किमान दहापट, ६ ते ७२ तास. सेक्शन ३-४ मायक्रॉनचं, चार्ज्ड स्लाइडवर, ६० अंशांना तासभर वाळवलेलं. तुझ्याकडचे खर्रा खाणारे सबम्युकस फायब्रोसिसचे (अस्तराखाली घट्ट तंतू साठून तोंड उघडेनासं होण्याच्या आजाराचे) रुग्ण असतील तर हे वाळवणं टाळूच नकोस, कारण घट्ट कोलॅजेनचा तुकडा रिट्रायव्हलच्या (फॉर्मॅलिनने झाकलेली प्रथिनं गरम बफरमध्ये पुन्हा उघडी करण्याच्या) उकळीत सुटून येतो. रिट्रायव्हल ९५-९८ अंशांवर २० मिनिटं, सिट्रेट पीएच ६ किंवा ट्रिस-ईडीटीए पीएच ९, अँटिबॉडीच्या कागदावर असेल ते. मग स्लाइड त्याच बफरमध्ये २० मिनिटं निवू दे. घाई केलीस की सेक्शन उचललं जातं. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं, नाहीतर लाल पेशी डॅबमध्ये (तपकिरी रंग देणाऱ्या रसायनात) तपकिरी होऊन तुला फसवतील. हिमॅटोक्सिलिन हा निळा रंग हलका दे, गडद निळ्याखाली पुसट पी५३ बुडतं. महिनोन्‌महिने कापून ठेवलेल्या स्लाइड वापरू नकोस, त्यांच्यातलं प्रतिजन (अँटिबॉडी ज्याला चिकटते ते प्रथिन) मंदावतं.

सबम्युकस फायब्रोसिसमध्ये अस्तर पातळ झालेलं असतं. चार-पाच ओळींच्या अस्तरात ‘मधला हिस्सा’ कुठून आणायचा? तिथे टक्क्याची ल्युकोप्लेकियाशी तुलना करू नकोस.

पी१६ हा आणखी एक मार्कर (रंगवून तपासायचं प्रथिन) तोंडाच्या चट्ट्यांसाठी मागवू नकोस. त्याचा ७० टक्के पेशी रंगण्याचा निकष टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरमधल्या एचपीव्ही विषाणूसाठी आहे. तंबाखू-सुपारीच्या गालाला तो लावणं चूक. पॉडोप्लॅनिन हे प्रथिन मात्र उपयोगी आहे: तळाच्या ओळीच्या पलीकडे वर चढलं तर जोखीम जास्त धरतात. लाळेतल्या आयएल-६, आयएल-८ या दाहाच्या प्रथिनांवर एकट्याने विसंबू नकोस, हिरड्या सुजल्या तरी ती वाढतात.

आणि कुठलाही मार्कर चुकीच्या जागचा तुकडा सुधारू शकत नाही. पांढऱ्यात लाल ठिपके असतील तर बायोप्सी त्या लाल भागातूनच घ्यायला सांग. रिपोर्टात डिस्प्लेशियाची (पेशींच्या कॅन्सरपूर्व बिघाडाची) श्रेणी आधी, मार्कर नंतर, आणि टक्क्याशेजारी थर लिही. सौम्य डिस्प्लेशियावर पी५३ सलग गडद आलं तर सर्जनला फोन करून तपासणीचं अंतर कमी करायला सांग.

आता तोच ब्लॉक टॉन्सिलच्या कंट्रोलसकट (नक्की रंगणाऱ्या, तुलनेच्या स्लाइडसकट) पुन्हा लाव आणि दोन्ही स्लाइडचे फोटो, थर दिसतील असे, पाठव.

तुझा,
श्रीधर