गोळी एकाग्रतेची, पण आधी मूडचे पाहा

महोदय,

लक्ष लागत नाही, एका जागी बसवत नाही, समोरच्याचे बोलणे मध्येच तोडले जाते, अशा प्रश्नांना मोबाइलवर ‘हो’ म्हणत जायचे आणि थेट एडीएचडीची, म्हणजे लहानपणापासूनच्या एकाग्रतेच्या आणि चंचलपणाच्या विकाराची, गोळी मागायची, हे वाढत चालले आहे. त्रास खराच असतो. पण बायपोलरचा, म्हणजे मूड कधी नैराश्यात तर कधी अतिउत्साहाच्या उन्मादात जाणाऱ्या आजाराचा, रुग्णही उन्मादाच्या भरात याच प्रश्नांना ‘हो’ म्हणेल. सहा प्रश्नांच्या चाळणीला निदान समजू नये.

खरा फरक कळतो तो काळावरून. एडीएचडीची लक्षणे वयाच्या 12 वर्षांआधीपासून असतात आणि घरी, शाळेत, कामावर कमीअधिक सारखीच दिसतात. बायपोलरचा उन्माद ठरावीक काळापुरता येतो: निकषांनुसार किमान 7 दिवस, सौम्य असेल तर 4 दिवस. ‘हा असा नव्हता हो, दिवाळीनंतर बदलला,’ असे घरचे सांगतात, तेव्हा ते वाक्य कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा मोलाचे असते. म्हणून तपासणीला जाताना लहानपण पाहिलेले कुणीतरी सोबत न्यावे, जुन्या प्रगतिपुस्तकांवरचे शेरेही न्यावेत.

झोपेबद्दल नेमके विचारायला हवे. एडीएचडीत रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी पेंग येत राहते. उन्मादात माणूस तीन तास झोपून ताजातवाना उठतो, पहाटे माळा आवरायला काढतो आणि दुपारपर्यंत नव्या धंद्यासाठी कर्ज काढायला निघतो. चिडचिड मात्र दोन्हींत असते. तिच्यावरून काही ठरवू नये.

दोन्ही आजार एकाच व्यक्तीला असू शकतात. तेव्हा क्रम चुकवायचा नाही: आधी मूड स्थिर करायचा, मग एकाग्रतेचे पाहायचे. स्वीडनमधील रुग्णनोंदींवरचा एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. मूड स्टॅबिलायझरविना (मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाविना) मिथाइलफेनिडेट ही एडीएचडीची गोळी सुरू केलेल्या बायपोलर रुग्णांमध्ये पहिल्या तीन महिन्यांत उन्मादाचा धोका स्पष्टपणे वाढलेला आढळला. स्टॅबिलायझर चालू असलेल्यांत तो वाढला नव्हता. बायपोलरमध्ये नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनीही उन्माद उसळू शकतो.

लिथियम हा मूड स्टॅबिलायझर चालू असेल तर त्याची पातळी तपासण्यासाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यावे. सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये गेले की पातळी खोटी जास्त दिसते, डॉक्टर मात्रा घटवतात आणि आजार उलटतो. दीर्घकालीन उपचारांत पातळी साधारण 0.6 ते 0.8 मिलिमोल प्रतिलिटर ठेवतात. थायरॉइड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) दर सहा महिन्यांनी तपासावे. निर्जळी उपवास, एकाएकी मीठ तोडणे, उन्हाळ्यातले जुलाब, अंगदुखीसाठी परस्पर घेतलेले आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक या सगळ्यांनी पातळी चढते. हात जोरात थरथरू लागले, तोल जाऊ लागला, बोलणे जड झाले, उलट्या-जुलाब सुरू झाले, तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मूल होण्याच्या वयातील स्त्रियांनी व्हॅल्प्रोएट या दुसऱ्या मूड स्टॅबिलायझरबद्दल डॉक्टरांना आधीच विचारावे. गर्भात व्यंग येण्याचा धोका त्यात मोठा आहे.

मूड स्थिर झाल्यावरच मिथाइलफेनिडेट, तेही कमी मात्रेपासून आणि सकाळी. नाडी, रक्तदाब, वजन यांची नोंद हवी. पहिले काही आठवडे घरच्यांनी झोपेचे तास रोज लिहून ठेवावेत. झोप कमी होऊनही थकवा दिसत नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा.

– एक मनोविकारतज्ज्ञ, सांगली