निळूभाऊंच्या रंगमंचावरच्या खुणा जपण्यासाठी आवाहन

रसिकहो,

निळू फुले म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पडद्यावरचा माणूस येतो. १९६८ सालच्या 'एक गाव बारा भानगडी'तला झेलेअण्णा, 'सामना'तला हिंदुराव, 'सिंहासन'मधला दिगू. हे सिनेमे आजही पाहता येतात. पण हा नट घडला तो राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात, पुण्यात माळीकाम करत असतानाच्या दिवसांत. 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगाने त्यांना सिनेमाचे दार उघडून दिले आणि १९७२ साली त्यांचा सखाराम बाइंडर रंगमंचावर उभा राहिला. तो प्रत्यक्ष पाहिलेले प्रेक्षक आता सत्तरी-ऐंशीत आहेत. आम्हाला घाई आहे ती यामुळे.

आमच्या ग्रंथालयाच्या नाट्यविभागाने निळूभाऊंच्या नाटकांची आणि वगांची कागदपत्रे एकत्र करायला घेतली आहेत. हँडबिले, वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, तिकिटांची अर्धुके, दौऱ्यांतले फोटो, कॅसेटी, प्रॉम्प्टरच्या खुणा असलेली संहिता, यांतले काहीही चालेल. मेकअपमन, नेपथ्याचे सामान वाहणारे, बसचे ड्रायव्हर यांच्या आठवणी तर आम्हाला हव्याच आहेत. नाटक या लोकांनीही जगवले आहे आणि त्यांना कुणी विचारायला जात नाही.

एक विशेष विनंती. निळूभाऊ आणि डॉ. श्रीराम लागू यांनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले, चळवळीत पूर्णवेळ राबणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून. नामवंत नट दुसऱ्यांसाठी असा घराबाहेर पडला, हे आम्हाला त्यांच्या कुठल्याही भूमिकेइतकेच मोठे वाटते. तुमच्या गावी तो प्रयोग झाला असेल आणि तिकिटे खपवल्याची एखादी वही माळ्यावर पडून असेल, तर ती रद्दीत घालू नका.

कागद फाटला असला तरी सेलोटेप लावू नका, लॅमिनेशनही करू नका, तसाच आणा. फोटोतली माणसे ओळखू येत असतील तर मागे पेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहा. कॅसेटला बुरशी आली असेल तर ती वाजवून पाहू नका. मूळ वस्तू स्कॅन करून तुम्हाला परत दिली जाईल. कायमची द्यायची असेल तर तसे लिहून घेऊ.

स्कॅनर, आम्लविरहित कागदाच्या पेट्या आणि कॅसेटींचे डिजिटलीकरण यांसाठी पैसेही लागणार आहेत. देणगी कितीही चालेल, पावती मिळेल. ज्यांना पैसे देणे जमत नाही त्यांनी वेळ द्यावा. वृद्ध कलावंतांच्या घरी जाऊन मुलाखती ध्वनिमुद्रित करणारी आणि नंतर ऐकून लिहून काढणारी तरुण मंडळी आम्हाला हवी आहेत. प्रवासखर्च ग्रंथालय देईल.

ग्रंथालयाच्या वेळेत नाट्यविभागात या. ज्यांना येणे शक्य नाही त्यांनी शेजाऱ्याबरोबर नुसता निरोप पाठवावा, आम्ही घरी येऊ.